वाघाचा खंड

आमच्याकडे दिवाळी सुरू व्हायची ती वाघबारशीला. आश्विन वद्य द्वादशीला सगळीकडे वसुबारस असते, गाय-वासराला ओवाळतात. आमच्या डोंगराकडच्या वाड्यांत त्याच दिवशी वाघाला पुजतात. एकाच दिवशी गाईचीही पूजा आणि गाईला खाणाऱ्याचीही, यात काही चुकतंय असं आम्हाला कधी वाटलं नाही. शहरात नोकरीला गेलेल्या माझ्या चुलतभावाला त्याच्या सोसायटीत हे सांगताना म्हणे लाज वाटायची. मला नाही वाटली.

माझं गाव इगतपुरी तालुक्यातच, पण इगतपुरी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे स्टेशन, कसारा घाट, धुकं आणि धम्मगिरीचा पॅगोडा येतो, त्यातलं आमच्याकडे काही नाही. आम्ही तालुक्याच्या पूर्वेच्या कडेला, सर्वतीर्थ टाकेदच्या वर, अकोल्याच्या हद्दीला पाठ टेकून बसलेलो. बाजार घोटीचा. भात, नागली, वरई, थोडी खुरासणी. गुरं डांगी, कारण दुसरं जनावर त्या पावसात टिकत नाही.

वाघबारशीच्या सकाळी आम्ही पोरं घरोघर शिधा मागत फिरायचो. कुणी तांदूळ, कुणी गूळ, कुणी तांब्याभर दूध. वाडीच्या वर ओढ्याच्या काठाला वाघदेवाचा दगड आहे. त्यावर वाघ कोरलाय, वर चंद्र-सूर्य, आणि इतक्या वर्षांचा शेंदूर की वाघ आता वाघापेक्षा डुकरासारखा दिसतो. दगडाभोवती हिरडा-जांभळीची थोडी राई. तिथं चुली मांडून खीर शिजायची. एका पोराला कोळशाचे पट्टे ओढून वाघ करायचे, एखाद्याला अस्वल, एखाद्याला कोल्हा. बाकीचे गुराखी. वाघ अंगावर यायचा, गुराखी काठ्या आपटून त्याला पिटाळायचे आणि त्याच्याकडून कबूल करून घ्यायचे की यंदा शिवेच्या आत येणार नाही. मी दोनदा वाघ झालो होतो. दोन्ही वेळा पळताना पडलो.

खीर झाली की आजा गोष्ट सांगायचा.

आजा म्हणजे माझा सख्खा नव्हे. आम्ही महादेव कोळी, तो ठाकरवाडीतला. पण दोन्ही वाड्यांतली पोरं त्याला आजाच म्हणायची. जन्मभर गावची गुरं राखली. सुगीला खळ्यावर गुराख्याचा भात वेगळा निघायचा तसा त्याचा निघायचाच, शिवाय एक सूप भात जास्तीचा. त्याला 'वाघदेवाचं सूप' म्हणत. देवाच्या नावाचं असलं तरी जायचं आजाच्या घरी, आणि ते कशाबद्दल हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोष्टीबद्दल.

त्याची मुख्य गोष्ट वाटणीची. वाघ आणि कुणबी हे सख्खे भाऊ. बाप मेल्यावर वाटणी झाली. थोरल्याला रान आलं, धाकट्याला जमीन. धाकटा खूश झाला, कारण जमीन पिकते. मग पावसाळा सरला, धाकट्याच्या गुरांना चारा पुरेना. तो थोरल्याकडे गेला, म्हणाला, दादा, तुझ्या रानात चारू का? थोरला म्हणाला, चार की. पण रान माझं आहे, खंड द्यावा लागंल. पैसा दोघांकडेही नव्हता. मग ठरलं की वर्षाकाठी एखादं वासरू, एखादी शेळी. धाकट्यानं मान डोलावली आणि घरी येऊन विसरून गेला. आजा इथं थांबून समोरच्या एखाद्या शेतकऱ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "खंड थकला का थोरला वसुलीला येतो. कागूद न्हाय, नोटीस न्हाय. रातच्याला येतो."

लहानपणी ही गोष्ट ऐकून मला अंथरुणात भीती वाटायची. मोठेपणी कळलं की कुळकायदा, खंड, वहिवाट हे सगळं ज्याला अंगठा उठवून समजलं होतं त्या माणसानं रानाचा हिशेब त्याच भाषेत मांडला होता. रान फुकट नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. पर्यावरण वगैरे शब्द त्याच्या कानावर पडायच्या आधीची गोष्ट ही.

मी डी.एड. झालो, जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो, दोन-तीन बदल्यांनंतर गावाजवळ आलो. शाळेच्या कपाटात मारुती चितमपल्लींची 'रानवाटा' होती. एका पावसाळ्यात, जेव्हा आठ-आठ दिवस पोरं शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा मी ती वाचली आणि मग मिळतील तिथून त्यांची बाकीची पुस्तकं आणली. हा सोलापूरचा माणूस ३६ वर्षं वनखात्यात राहिला. रानातल्या लोकांकडून शब्द गोळा केले, जिथं मराठीत शब्द नव्हता तिथं घडवला. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार म्हणावं हे मला त्यांच्यामुळे कळलं. पुढे महाराष्ट्र सरकारनं ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. ५ नोव्हेंबर चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. एक गोष्टीवेल्हाळ आणि एक शास्त्रज्ञ अशी दोन टोकं धरून आठवडा बांधलाय, ते मला आवडतं.

पण चितमपल्लींच्या पुस्तकांत मला सगळ्यात जवळचे वाटले ते माधवराव पाटील डोंगरवार. नवेगावबांधचे. तिथल्या रानाचं, तलावाचं, पाखरांचं ज्ञान या गृहस्थांना होतं आणि चितमपल्लींनी त्यांना आपले गुरू मानलं, नाव घेऊन लिहिलं. सरकारी अधिकारी साहेब आणि गावचा पाटील शिकवणारा! हे वाचलं तेव्हा मला आजा आठवला. दुसऱ्याच रविवारी मोबाइल घेऊन त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो.

दोन वर्षं मी त्याच्या गोष्टी रेकॉर्ड केल्या. सोपं नव्हतं. मोबाइल समोर धरला की तो चाचरायचा, खाकरायचा, 'तर मंडळी' असं भाषणातल्यासारखं बोलायचा. शेवटी मी मोबाइल टोपलीत लपवायला लागलो. एकदा मीच त्याला गोष्ट सांगितली. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. विद्या अत्रेय आणि वनखात्याच्या लोकांनी त्याला काढून गळ्यात पट्टा घातला, नाव ठेवलं 'आजोबा' आणि माळशेज घाटात सोडला. तो तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत, आपली कसाऱ्याची रेल्वेलाइन ओलांडून थेट मुंबईच्या नॅशनल पार्कात गेला. वाटेत कुणाला इजा केली नाही. त्याच्यावर २०१४ साली उर्मिला मातोंडकरांचा सिनेमा निघाला. मी हे फार रंगवून सांगितलं.

आजानं तंबाखू मळली. "हिरीतनं काढला, लांब निऊन सोडला. मंग तो घरला गेला. त्यात सिनेमा काय काढायचा?"

त्याच सुमाराला अनुदानाची गोष्ट आली. पुण्यातल्या एका कुटुंबाचा तरुण मुलगा सह्याद्रीत भटकताना गेला होता. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी काही रक्कम बाजूला ठेवली होती. रानाच्या, जंगलाच्या गोष्टी सांगून लोकांना त्याची राखण शिकवणाऱ्याला दर वर्षी मदत. मला एका मित्रानं कळवलं. पुढे वाचनात आलं की अमेरिकेतही अशी रीत आहे. एलन मेलॉय नावाच्या लेखिका वाळवंटाबद्दल लिहायच्या, २००४ साली त्या गेल्या, तर त्यांच्या नावानं निधी उभा करून वाळवंटावर लिहिणाऱ्यांना मदत देऊ लागले. मला वाटलं, आपलं वाघदेवाचं सूपच की हे. फक्त खळं मोठं.

अर्ज भरायला बसलो घोटीच्या झेरॉक्सच्या दुकानात. अर्जदाराचे प्रकाशित साहित्य. प्रकल्पाची उद्दिष्टे. लाभार्थी संख्या. बँक खाते, पॅन कार्ड, दोन मान्यवरांची शिफारस. आजाचं पॅन कार्ड नव्हतं. खातं होतं, पण पासबुक उंदरांनी खाल्लं होतं. प्रकाशित साहित्य म्हणजे काय ते त्याला सांगितलं असतं तर त्यानं ओढ्याकाठचा दगड दाखवला असता. दुकानदाराला घाई होती, मागे पोरं दाखल्याच्या झेरॉक्सला उभी होती. मी अर्जदाराच्या जागी माझं नाव टाकलं. आजाला घातलं शेवटच्या पानावर. रकाना होता 'स्थानिक माहितीदाता'.

आता हे लिहिताना मी कारणं देतो आहे हे मला कळतंय. झेरॉक्सवाल्याची घाई हे काही खरं कारण नाही. माझ्या नावापुढे काहीतरी यावं असं मला वाटत होतं. पंधरा वर्षं मास्तरकी केल्यावर तसं वाटतं.

अनुदान मंजूर झालं. ४० हजार रुपये. त्यातून चांगला रेकॉर्डर घेतला, टाकेद-बारीकडच्या वाड्यांत फिरलो, २०१८ च्या उन्हाळ्यात नाशिकला ६४ पानांची पुस्तिका छापून घेतली. मुखपृष्ठावर वाघ, खाली माझं नाव. आभाराच्या पानावर शेवटून दुसऱ्या ओळीत आजा, झेरॉक्सवाल्याच्या जरा वर. आजाला मी घोंगडी, धोतरजोडी आणि ५ हजार रुपये दिले. त्यानं पुस्तिका हातात घेऊन वास घेतला. "मपली गोष्ट यात हाये?" म्हणाला. हो म्हटलं. "मंग आता रानात जायाला नको कुणाला," असं म्हणून हसला. मी पण हसलो.

पुस्तिकेनं किती काम केलं? खरं सांगायचं तर मला सांगता येत नाही. गोष्टीनं रान वाचतं असं म्हणायला आवडतं, पण मी टाकेदच्या पंचक्रोशीत वाढलोय. जटायू पडला तो इथं, रामानं बाण मारून त्याच्यासाठी सगळ्या तीर्थांचं पाणी आणलं ते इथं. महाशिवरात्रीला केवढी यात्रा भरते. जगात गिधाडाची एवढी मोठी गोष्ट दुसरी नसेल आणि ती आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. तरी माझ्या लहानपणी मेल्या ढोराभोवती उतरणारी गिधाडं माझ्या डोळ्यांदेखत संपली. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनेचं औषध मेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये त्यावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. कुणी दगड मारला नाही, कुणी जटायूला विसरलं नाही. औषधाची गोष्ट आमच्याकडे कुणाला ठाऊकच नव्हती.

वाघाचं थोडं निराळं आहे. पालघर-ठाण्याकडच्या वारल्यांच्या वाघोबाचा संशोधकांनी अभ्यास केलाय, सुमारे दीडशे ठाणी त्यांनी नोंदवली, तो लेख २०२१ साली आला. त्यांचं म्हणणं असं की वाघोबा पुजणारा माणूस बिबट्याला भीत नाही असं नाही, पण तो शेजारी आहे हे धरून चालतो. आजाकडे बघितलं की मला ते पटायचं. त्याच्या सुनेची शेळी एका रात्री बिबट्यानं नेली. सून रडत होती. आजा म्हणाला, "वसुलीला आला व्हता." आणि सकाळी मला घेऊन वनखात्याच्या चौकीवर गेला, पंचनामा करायला. मी म्हटलं, आजा, खंड दिला म्हणतोस आणि भरपाई पण मागतोस? तर म्हणाला, "त्यानं खंड घेतला. सरकारनं माझ्याकडं काय म्हनून घेतला?" वनरक्षकाला हे इतकं आवडलं की त्यानं आम्हाला चहा पाजला.

जुलैत पुण्यात छोटा कार्यक्रम होता. पुस्तिका दिली, दहा मिनिटं बोललो, पीपीटी दाखवली. कार्यक्रमानंतर त्या मुलाची आई माझ्याजवळ आल्या. साधी सुती साडी, हातात माझी पुस्तिका, त्यात बोट घातलेलं. आभाराच्या पानात. म्हणाल्या, "हे आजोबा आले नाहीत का?"

म्हटलं, त्यांना प्रवास झेपत नाही.

हे खोटं होतं. मी त्याला विचारलंच नव्हतं. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मास्तर माणसाला खोटं बोलणारं पोर ओळखता येतं. त्या कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यांनाही आलं असणार. म्हणाल्या, "मग मी येते."

त्या आल्या वाघबारशीला. ४ नोव्हेंबर, रविवार होता. घोटीपर्यंत बसनं, पुढं काळीपिवळीत पोरांच्या मांडीला मांडी लावून. पोरांनी वाघ नाचवला, खीर झाली, बाईंनी पानावर बसून खाल्ली. मी सकाळीच आजाला सांगून ठेवलं होतं की वाटणीची गोष्ट सांग, बाईंना तीच ऐकायची आहे, पुस्तकात पहिली तीच आहे. त्यानं मान हलवली.

बसल्यावर आजानं बाईंना विचारलं, "माय, कुठलं गाव?" मग, "पोरंबाळं?" मी मध्ये पडायला गेलो, पण बाईंनीच सांगितलं. एकच होता. डोंगरात गेला, पावसात. दुसऱ्या दिवशी सापडला.

आजा गप्प बसला. चूल विझत आली होती, कुणीतरी काटकी सारली. मग त्यानं गोष्ट सुरू केली. वाघ आणि कुणबी सख्खे भाऊ. बाप मेला, वाटणी झाली. थोरल्याला रान, धाकट्याला जमीन. चारा संपला, धाकटा रानात गेला. इथवर पाठ होतं. आता खंडाचं येणार म्हणून मी पोरांना गप्प बसायची खूण केली.

खंडाचं आलंच नाही. थोरला म्हणाला, चार की, तुपलं-मपलं काय असतं. धाकटा रोज गुरं सोडायचा. एक दिवस पाऊस आला, गुरं परतली, एक वासरू राहिलं. धाकटा रातभर टेंभा घेऊन हिंडला, पाऊस टेंभा विझवायचा. वासरू कड्याखाली पडलं होतं. थोरल्यानं ते बघितलं. वाघच तो, भूक तर होतीच. पण त्यानं तोंड लावलं न्हाई. रातभर त्याच्या अंगाला अंग लावून बसला. उजाडलं तवा धाकटा आला. वासरू उठलं न्हाई. पन ते एकलं न्हवतं.

आजा थांबला. पोरांना वाटलं गोष्ट अर्धी राहिली. एकजण म्हणाला, "आन मंग?" त्याच्या आईनं त्याला मागून चिमटा काढला. बाई चुलीकडे बघत होत्या. बऱ्याच वेळानं उठल्या आणि आजाच्या पायाला हात लावला. त्यानं पाय मागं घेतले, त्याला सवय नव्हती.

त्यांना घोटीच्या बसला बसवून मी परत आलो तेव्हा आजा ओट्यावर होता. मी थोडा रागातच होतो. म्हटलं, ही कुठली गोष्ट सांगितलीस? खंडाची का नाही सांगितली?

"तिच्याकडनं खंड कवाच वसूल झालाय," आजा म्हणाला. "परत कुन्या तोंडानं मागू?"

पुढच्या वर्षी बाईंनी अर्ज बदलला. 'स्थानिक माहितीदाता' हा रकाना गेला. त्या जागी पहिल्याच पानावर 'गोष्ट सांगणाऱ्याचे नाव' आलं, आणि पॅन कार्ड नसेल तर मनिऑर्डरची सोय. मला त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. आजाला मनिऑर्डर आली, त्याच्या नावानं. त्यानं त्यातून दुभती म्हैस घेतली, ती दोन महिन्यांत आटली.

२०२१ च्या पावसाळ्यात आजा गेला. भातलावणी चालू होती, ओढा चढलेला, जाळायला कोरडं लाकूड मिळेना. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढली तेव्हा मुखपृष्ठावर त्याचं नाव घातलं, माझं आत, 'लेखनिक' म्हणून. वाडीत कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये एका पंधरवड्यातच दोन बातम्या आल्या. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जूनला सुरू झाला, आणि १८ जूनला चितमपल्ली सोलापुरात वारले. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिली बातमी जास्त चालली. आमच्या खालच्या अंगाला आता प्लॉटिंगच्या पाट्या लागल्यात, 'नेचर व्ह्यू' वगैरे. वाघदेवाची राई गावठाणाच्या बाहेर आहे, सात-बारावर कुणाचं नाव आहे ते मी तलाठ्याकडे बघून आलोय. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

वाघबारशीला पोरं अजून शिधा मागायला येतात. खीर झाल्यावर सातवीतला एक मुलगा आजाची गोष्ट सांगतो, पुस्तकातली, शब्दन् शब्द. खंडाची. चांगली सांगतो. दुसरी गोष्ट पुस्तकात नाही. त्या दिवशी ४० हजारांतून घेतलेला रेकॉर्डर माझ्या खांद्याच्या पिशवीत होता, बंद. बाईंसमोर काढायला संकोच वाटला.

आता ती वर लिहिली ती माझ्या आठवणीतून. खात्री करावी म्हणून बाईंना फोन केला, वाचून दाखवली. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरोबर आहे. फक्त शेवट चुकलाय तुमचा. उजाडल्यावर वासरू उठलं होतं. आजोबांनी तसंच सांगितलं, मला पक्कं आठवतंय."

मी बरं म्हटलं.